बडोद्यात राहतो, स्कूबा डाइव्हिंगचं ओपन वॉटर (पहिल्या पातळीचं) कार्ड नुकतंच मिळालंय. दिवाळीत अंदमानला डिक्सन्स पिनॅकलवर थेट डाइव्ह करू का?

थेट नको. आधी तिथेच अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स करा, दोन-तीन दिवसांत होतो. तुमच्या कार्डाची मर्यादा १८ मीटर. डिक्सन्सचे पाण्याखालचे खडकाळ सुळके साधारण त्याच खोलीवर सुरू होऊन ३० मीटरच्या पुढे उतरतात.

खरी अडचण हवेची. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट, म्हणून प्रत्येक श्वासाला सिलिंडरमधली हवाही चौपट जाते. त्यात प्रवाह असला आणि तुम्ही घाबरून हातपाय मारू लागलात, की सिलिंडरच्या गेजचा काटा बघता बघता ५० बारवर, म्हणजे राखीव हवेवर येतो. त्या खोलीवर नायट्रोजनमुळे डोकंही सुस्तावतं; डोळे आकडा वाचतात, पण तो मनात उतरत नाही. नायट्रोजन अंगातही मुरतो, म्हणून खोलीनुसार वेळेची मर्यादा देणाऱ्या नेहमीच्या तक्त्यानुसार पहिल्या डाइव्हला तिथे २० मिनिटंच मिळतात, हेही लक्षात ठेवा.

तोवर बडोद्यात रोज पोहा, स्विमिंग पुलात फिन्स लावून सावकाश, लांब श्वासाची सवय करा. स्वराज द्वीपला (पूर्वीचं हॅवलॉक, डिक्सन्स याच्याच जवळ) पोहोचल्यावर आधी नीमो रीफसारख्या उथळ जागी तरंगण्यावर ताबा मिळवा. एका फिनच्या फटक्यात कित्येक वर्षांचं प्रवाळ तुटतं, आणि मला तरी हे मनाला सगळ्यात जास्त लागतं.

मुरलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वर येताना ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचंच. त्याच कारणाने परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनी घ्या. शेवटचा दिवस बेटावरून परतीच्या फेरीबोटीसाठी मोकळा ठेवलात तर हे आपोआप जमतं.