वाचकांचे प्रश्न : ग्राहक कस्टम्सचे पैसे भरत नाही तेव्हा

प्रश्न : तांबट आळीतली मठारलेली (हातोडीने ठोके देऊन घडवलेली) तांब्याची भांडी मी परदेशात विकते. जर्मनीतल्या ग्राहकाने 80 युरोचा लोटा मागवला, टपालखर्च 20 युरो वेगळा. पार्सल पोचलं, पण कस्टम्सचे पैसे भरायला तो तयार नाही आणि पैसे परत मागतोय. काय करावं?
– वाचक, कसबा पेठ

उत्तर : आधी आकडा काढा. 1 जुलै 2021 पासून युरोपीय संघात विकलेल्या कमी किमतीच्या मालालाही व्हॅट लागतो. जर्मनीत तो 19 टक्के, तोही टपालखर्च धरून. म्हणजे 100 युरोवर 19 युरो, वर तिथल्या टपालसेवेचा हाताळणी आकार. हे ग्राहकाला आजच लिहून कळवा. नकारामागे बहुतेक वेळा अचानक आलेल्या बिलाचा राग असतो. निम्मा व्हॅट तुम्ही सोसा. मात्र ती रक्कम माल त्याच्या हाती पडल्यावरच परत करा. लोटा परत आणण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

तरीही तो अडून बसला, तर पार्सल बुक करताना तुम्ही काय लिहिलं होतं ते पाहा. डिलिव्हरी न झाल्यास माल परत पाठवायचा की सोडून द्यायचा, याची चौकट फॉर्मवर असते आणि घाईत ती कोरी राहते. कुरियरने पाठवलं असेल तर जास्त सांभाळा : परतीचं भाडं आणि ग्राहकाने न भरलेलं शुल्क, दोन्ही पाठवणाऱ्याच्या माथी येतं. माल तुमच्या हातात परत येईपर्यंत पैसे परत करू नका. टपालखर्च परत मिळणार नाही, ही अट ऑर्डर घेतानाच लिहिलेली हवी.

परतलेला लोटा आपल्या कस्टम्सच्या लेखी आयातच असतो (कस्टम्स कायदा 1962, कलम 20). कस्टम्सच्या अधिसूचना 45/2017 खाली शुल्कात सूट मिळते, पण गेला तोच नग परत आला हे दाखवावं लागतं आणि निर्यातीवर सरकारकडून घेतलेला करपरतावा फेडावा लागतो. म्हणून पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट (टपालाने निर्यात करताना भरायचा कस्टम्सचा फॉर्म), इनव्हॉइस आणि ट्रॅकिंगच्या नोंदी जपा. लोट्याच्या बुडाशी बारीक क्रमांक कोरा आणि पॅक करण्याआधी त्याचा जवळून फोटो घ्या. हाताने मठारलेल्या दोन लोट्यांवरचे ठोके कधीच सारखे नसतात, ते फोटोत स्पष्ट दिसू द्या.

पुढच्या वेळी फॉर्मवर नुसतं ‘भांडी’ लिहू नका. ‘तांब्याचा हाताने घडवलेला लोटा, 1 नग, एचएस कोड 7418’ असं इंग्रजीत लिहा (एचएस कोड म्हणजे कस्टम्ससाठी मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक), सोबत खरी किंमत आणि ग्राहकाचा फोन नंबर. मोघम वर्णनाचं पार्सल अडकतं. अमेरिकेनेही 800 डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली शुल्कमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून काढली आहे, त्यामुळे तिकडच्या मालाचं शुल्क आधीच किमतीत धरा.

प्रश्न : ‘गिफ्ट लिहा, किंमत कमी दाखवा’ असं ग्राहक म्हणतो. चालेल?

उत्तर : नाही. भेटवस्तूवरची करसूट (युरोपीय संघात 45 युरो, ब्रिटनमध्ये 39 पौंड) एका व्यक्तीने दुसरीला पैसे न घेता पाठवलेल्या वस्तूला असते. बँकेत 80 युरो आले आणि कागदावर 20 दिसले, तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. खोट्या घोषणेला कस्टम्स कायद्याच्या कलम 114एए खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. शिवाय पार्सल हरवलं, तर भरपाईचा दावा त्या 20 युरोंपुरताच करता येतो.