माझदा एमएक्स-५ (१९८९–९७): कॅलिपर बदलले, ब्लीडिंगही केलं, तरी ब्रेक पेडल स्पंजासारखं का लागतं?

आधी ब्लीडिंग निपल (ब्रेकच्या नळ्यांतली हवा ऑइलसोबत बाहेर काढायचा स्क्रू) कुठे आहे ते बघा. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) डावे-उजवे अदलाबदल होऊन बसले असतील तर निपल खाली जातो, हवा वर अडकते आणि कितीही ब्रेक ऑइल काढलं तरी पेडल मऊच. निपल वरच्या टोकालाच हवा.

ते ठीक असेल तर पेडल भराभर चार-पाच वेळा दाबा. कडक झालं, तर हवा आहे किंवा मागचे पॅड डिस्कपासून लांब आहेत. पाय ठेवल्यावर हळूहळू खाली बसत गेलं आणि गळती कुठेच नसेल, तर मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब आणणारा भाग) सील गेलंय.

मागच्या पॅडचं अ‍ॅडजस्टमेंट हमखास राहतं. हँडब्रेक सोडा, मागची चाकं उचला, गाडी स्टँडवर घ्या. कॅलिपरच्या मागचा १४ मिमीचा बोल्ट काढा. आत ४ मिमीची अ‍ॅलन की बसते. डिस्क अडकेपर्यंत घड्याळाच्या दिशेने फिरवा, मग साधारण एक तृतीयांश फेरा सैल करा.

यानंतरच ब्लीडिंग. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल, सीलबंद डबा. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये एरवी सील न पोचणाऱ्या भागात गंज असतो. पेडल तळापर्यंत दाबलं की सील तिथे घासून फाटतं. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता.

तरीही मऊ? रबरी होज मूळचेच असतील तर दाबाने फुगत असणार. कुणाला पेडल दाबायला सांगून होज बोटांत धरा, फुगवटा जाणवतो.