लाटेचा फेस कागदातूनच निघतो

प्रश्न : वादळात सापडलेल्या जहाजाचं जलरंगचित्र करतो आहे. लाटांचा फेस पांढऱ्या पोस्टर रंगाने काढला की वरून चिकटवल्यासारखा दिसतो. उन्हाळ्यात कागदही इतका भराभर वाळतो की वॉशला (पातळ रंगाच्या थराला) कडा पडतात. इथे समुद्र नाही, मग अभ्यास कशावरून करू?
– एक वाचक, परभणी

उत्तर : पोस्टर रंग बाजूला ठेवा. जलरंगात पांढरा असतो तो कागदाचा. इंग्रज चित्रकार टर्नर यांनी १८१८ मध्ये यॉर्कशरमधल्या फार्नली हॉल इथे, समुद्रापासून दूर बसून, एका सकाळीत युद्धनौकेचं चित्र केलं. कागद चिंब होईपर्यंत रंग ओतला, मग खरवडला, घासला, आणि त्या गोंधळातून हळूहळू जहाज वर आलं. म्हणजे समुद्र जवळ नसणं ही अडचण नाही.

कागद ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), सुती, चांगली खळ दिलेला घ्या. साध्या ड्रॉइंग पेपरला ब्लेड लावलं की त्याचे तंतू सुटतात. सुती कागद ५ मिनिटं पाण्यात बुडवून काचेवर पसरा. मागची बाजूही ओली राहते, म्हणून वरचं पाणी सावकाश उडतं. एप्रिल-मेमध्ये पहाटे बसा, पंखा बंद ठेवा.

अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांच्या मिश्रणातून होणाऱ्या करड्या रंगात आकाश-समुद्र एका दमात लावा. प्रशियन आणि थॅलो निळा कागदात मुरतात, उचलले जात नाहीत, इथे नकोत. कागदावरची चकाकी गेली, पण हाताला गारवा लागतोय, नेमकी ही वेळ साधा आणि पिळलेल्या ब्रशने लाटेच्या माथ्यावरचा रंग उचला. घाई केली तर रंग परत आत वाहतो. ब्रशमध्ये पाणी जास्त राहिलं तर फुलकोबीसारखा डाग पडतो, आणि तो घालवणं फार अवघड.

उडणारे तुषार मात्र कागद रात्रभर वाळल्यावर ब्लेडच्या टोकाने, अगदी शेवटी काढा. खरवडलेल्या जागेची खळ गेलेली असते. तिथे पुन्हा रंग लावला तर तो शोषला जाऊन काळपट ठिपका उमटतो.

अभ्यासाला जायकवाडी आहेच. दरवाजे उघडतात तेव्हा सुरक्षित अंतरावरून पाहा : उजेड पडलेली कड तेवढी पांढरी, बाकी फेस करडा-तपकिरी. फरक इतकाच की धरणाखालचं पाणी जागीच उसळतं, समुद्राची लाट पुढे सरकत कोसळते. म्हणून जहाज लाटेच्या उताराबरोबर कलतं करा, अर्धा सांगाडा लाटेआड जाऊ द्या. डोलकाठी ताठ राहिली तर वादळ खोटं वाटेल.