फ्रेंच प्रेससाठी पाणी: किटलीतलं तापमान सोडा, प्रेसमधलं बघा

तुम्ही फ्रेंच प्रेससाठी (कॉफीची पावडर गरम पाण्यात मुरवून जाळीच्या दट्ट्याने, म्हणजे प्लंजरने, चोथा खाली दाबायचं भांडं) गॅसवर पातेल्यात पाणी तापवता, कॉफी कधी आंबट आणि पचपचीत होते तर कधी कडू, आणि अंश दाखवणारी किटली घेतली तर हे सुटेल का असं विचारलंय. माझं मत, आत्ता घेऊ नका. किटलीत पाणी किती अंशांवर होतं याला प्रेसच्या बाबतीत फार अर्थ नाही. ते प्रेसमध्ये पडल्यावर किती उरतं, त्यावर चव ठरते.

ढोबळ हिशेब करून बघा. प्रेसचं काचेचं भांडं 300 ग्रॅमचं धरू. वजनाला वजन घेतलं तर काच पाण्याच्या साधारण एक पंचमांश उष्णता धरते, म्हणजे हे भांडं तापवणं म्हणजे 60 ग्रॅम पाणी तापवणं. भांडं 25 अंशांवर आहे आणि त्यात 98 अंशांचं अर्धा लिटर पाणी ओतलं, तर नुसती काच तापण्यात जवळपास 8 अंश जातात. त्याच भांड्यात एकट्यापुरतं पाव लिटर ओतलं तर 14! पावडर थंड असते, धार हवेतून पडताना निवते, ते वेगळंच. त्यामुळे तीच पावडर, तसंच उकळलेलं पाणी, पण चौघांची कॉफी बरी आणि एकट्याची आंबट, असं होतं. आंबटपणा पाण्यात लवकर उतरतो, गोडवा आणि कडवटपणा मागून येतात. पाणी निवलेलं असलं की मागचं सगळं पावडरीतच राहून जातं.

तेव्हा प्रेस आधी तापवा. थोडं जास्तीचं पाणी उकळा, त्यातलं कपभर प्रेसमध्ये घालून भांडं गोल फिरवा, अर्धा-एक मिनिट राहू द्या आणि ओतून टाका. मग पावडर घाला, तोवर उरलेल्या पाण्याला पुन्हा उकळी येऊ द्या आणि लगेच ओता. बरेचसे प्रेस बोरोसिलिकेट काचेचे असतात, ही काच तापमानातला फरक चांगला सोसते. पण तिला चरा किंवा टवका गेला असेल तर भरवसा ठेवू नका. काचेचा प्रेस थेट गॅसवर तर कधीच ठेवू नका.

किती अंश? साधारणपणे 90 ते 96 सांगितलं जातं. हलक्या रोस्टला, म्हणजे कमी भाजलेल्या कॉफीला, उकळतं पाणी थेट ओता, तिला ते लागतंच. मध्यम रोस्टला आच बंद करून अर्धा मिनिट थांबा. गडद रोस्टमधला कडवटपणा पटकन सुटतो, म्हणून तिथे एक-दोन मिनिटं थांबलेलं चांगलं. उकळत्या पाण्याने कॉफी 'जळते' हे मात्र मनातून काढून टाका. ती बी भाजताना 200 अंशांच्या आसपास तापून आलेली असते, 100 अंशांचं पाणी तिला काय जाळणार? उंचावर राहत असाल तर थांबायचं कारणच नाही. दर 300 मीटरला उत्कलनबिंदू सुमारे 1 अंशाने उतरतो, 1500 मीटरवर पाणी 95 अंशांनाच उकळतं.

थर्मामीटर नसेल तर कान द्या. आधी तळाशी आणि कडेला बारीक बुडबुडे चिकटतात. ती पाण्यात विरघळलेली हवा असते, तिला उकळी समजू नका. मग भांडं सूं सूं करायला लागतं: तळाशी वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि वरच्या थंड पाण्यात पोचताच मिटतात, त्याचा तो आवाज. हा आवाज वाढत जातो आणि एका क्षणी उतरतो. बुडबुडे आता न मिटता वरपर्यंत येऊन फुटतात, पाणी खळखळतं. ही खरी उकळी. बरेच जण सूं सूं ऐकूनच पातेलं उतरवतात. तुमच्या आंबट कॉफीचं मूळ इथेही असू शकेल.

साधी विजेची किटली घ्यायला हरकत नाही. झाकण नीट लावा. ती बहुधा वाफ लागून वाकणाऱ्या धातूच्या पट्टीने बंद होते, झाकण उघडं राहिलं तर बंदच होत नाही. आत क्षारांचा पांढरा थर जमला तर पाण्यात लिंबूसत्व घालून उकळा आणि दोनदा विसळा. मायक्रोवेव्ह टाळा. गुळगुळीत भांड्यात पाणी बुडबुडे न येता 100 च्या वर तापू शकतं आणि हलवताच उसळून अंगावर येतं.

राहिला कडूपणा. त्याचा दोष मी आधी पाण्याला देणार नाही. लिटरला 60 ग्रॅम पावडर, जाडसर दळलेली, आणि 4 मिनिटं, एवढं पाळा. प्लंजर दाबल्यावर सगळी कॉफी लगेच कपांत किंवा थर्मासमध्ये काढा, कारण चोथ्यावर राहिलेली कॉफी मुरतच राहते आणि दुसरा कप हमखास कडू निघतो. हे करूनही कडू लागली तर दळण आणखी जाड करा. आणि पैसे खर्चायचेच असतील तर किटलीआधी चांगल्या ग्राइंडरवर खर्चा.