मेकॅनिकल इंजिनिअरिंग म्हणजे नेमकं काय? त्यात स्कोप आहे का?

कॉम्प्युटरला नंबर लागला नाही म्हणून मेकॅनिकल घ्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. आमचे भावोजी दर लग्नकार्यात चारचौघांत म्हणतात, "मेकॅनिकल म्हणजे शेवटी पाना आणि ग्रीस." म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऐन गळीत हंगामात एका साखर कारखान्यात बॉयलरच्या आयडी फॅनची बेअरिंगं सारखी जात होती. धूर ओढून चिमणीत सोडणारा हा पंखा थांबला की बॉयलर थांबतो, वाफ नाही म्हणजे गाळपही नाही. यार्डात ऊस वाळत पडतो, वजन घटतं, उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, घटतो. तिथे दर वेळी नवं बेअरिंग, नवं ग्रीस आणि पुरवठादाराला शिव्या, एवढंच चाललं होतं. पंख्याच्या शाफ्टची दोन टोकांची बेअरिंगं ज्या घरांत बसतात, ते दोन्ही प्लमर ब्लॉक मी उघडायला लावले. दोन्हींत लोकेटिंग रिंगा, म्हणजे बेअरिंगला जागेवर पक्कं धरणाऱ्या कड्या! पोलाद तापलं की दर मीटरला, दर अंशामागे साधारण १२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढतं. अडीच मीटरचा शाफ्ट ५० अंशांनी तापला तर दीड मिलिमीटर. ती वाढ जायला जागाच ठेवली नव्हती, सगळा रेटा बेअरिंगांवर. मोटरकडचं बेअरिंग पक्कं ठेवलं, पलीकडच्या रिंगा काढून ते मोकळं केलं. हंगाम संपेपर्यंत त्या फॅनची तक्रार आली नाही.

पाना फिटरनेच चालवला, आणि माझ्यापेक्षा सफाईने. पण कुठल्या बाजूच्या रिंगा काढायच्या हे ज्या हिशोबाने ठरलं, ते मेकॅनिकल इंजिनिअरिंग.

स्कोपचं म्हणाल तर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडीच्या माळावर कारखाना हलवला, लोखंडी नांगर काढले. आज कोल्हापूरजवळ शिरोलीच्या फाउंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने, आहेत, चाकणचे गाड्यांचे कारखाने आहेत. इलेक्ट्रिक गाड्या आल्या, आता मेकॅनिकल संपलं, असं म्हणणाऱ्यांनी बॅटरी थंड कशी ठेवतात ते एकदा बघावं. ब्रेक, सस्पेन्शन, चासी तर आहेतच.

दुसरं काही मिळालं नाही म्हणून येणार असाल तर येऊ नका. थर्मो (उष्णता आणि ऊर्जेचा विषय) आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स (कुठला भाग किती भार सोसेल त्याचा विषय) मन लावून केल्याशिवाय जमत नाहीत.

हां, सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा बहुतेक वेळा कमी असतो, शिफ्टही असते. भावोजींचा तेवढा मुद्दा मान्य. आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा वर्कशॉपमध्ये डोकवा, मुलांना लेथवर स्वतः काम करू देतात का ते तिथल्याच मुलांना विचारा.