मूळ कागद पेटीत, प्रत प्रदर्शनात का?

प्रश्न : राज्याच्या पुराभिलेखागाराने (जुनी सरकारी कागदपत्रे जतन करणाऱ्या संस्थेने) भरवलेल्या प्रदर्शनात पुष्कळदा मूळ दस्तऐवजाऐवजी त्याची हुबेहूब प्रत मांडलेली असते. अस्सल कागदच का दाखवत नाहीत?

उत्तर : आपली खंत रास्त आहे, कारण अस्सल कागदासमोर उभे राहण्याचे समाधान प्रतीत मिळत नाही. मात्र प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि कधीच भरून निघत नाही; म्हणूनच कागदावरील प्रकाश साधारण ५० लक्सपर्यंत (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) ठेवून काही महिन्यांनी मूळ कागद अंधाऱ्या पेटीत परत नेतात. मायफळ (ओक वृक्षावरील गाठी) आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांपासून केलेली शाई तर कागदालाच खाते. या शाईने लिहिलेले जुने पत्र उजेडासमोर धरले, की कधी कधी शाई दाट बसलेल्या ठिकाणी अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचे भोक दिसते. काजळाची शाई त्या मानाने पुष्कळ टिकाऊ असते.

याहून महत्त्वाची गोष्ट संदर्भाची आहे. कागद ज्या कार्यालयात निर्माण झाले, त्या कार्यालयाच्याच संग्रहात ते एकत्र ठेवावेत, हे तत्त्व फ्रान्समध्ये १८४१ साली शासकीय परिपत्रकाने घालून दिले गेले आणि पुढे जगभर रुजले. एखादा सुटा आदेश काचेआड शोभून दिसतो. पण त्याआधीचा अर्ज, त्यावरील शेरे आणि नंतरची तक्रार शेजारी मांडली, तरच राज्यकारभार सामान्य माणसाच्या दारापर्यंत कसा पोहोचत होता हे उमगते. माझ्या मते, अशी संपूर्ण साखळी प्रतींच्या रूपाने मांडणारे प्रदर्शन एकट्या अस्सल फर्मानापेक्षा अधिक मोलाचे आहे.