कोकणातल्या किनाऱ्यावर लग्न करताय? आधी भरती बघा

हॉलची तारीख नंतर, आधी तिथी बघा. कोकणात तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ ढोबळमानाने कळते: अष्टमीला सहाच्या सुमारास पाणी चढलेलं, तर पौर्णिमेला ते दुपारी बाराच्या आसपास येऊन संध्याकाळी पार ओसरलेलं. म्हणजे गोरज मुहूर्त पौर्णिमेच्या आसपास मिळाला तर रुंद, घट्ट वाळू मिळते आणि मागून चंद्र उगवतो, तोही फुकट. नेमकी वेळ मात्र भरती-ओहोटीच्या तक्त्यातच पडताळा. उधाणाची भरती जिथवर येते तिथे शेवाळ-शिंपल्यांची रेघ दिसते; मांडव तिच्यापासून जमिनीच्या बाजूला किमान वीस फूट.

खरा त्रास देतो वारा. दुपारनंतर तो समुद्राकडून येतो, त्यामुळे होमाचा धूर थेट पाहुण्यांच्या तोंडावर जातो. होम मागच्या वाडीत, माडांच्या आडोशाला करा; वाळूवर फक्त मंगलाष्टकं. अंतरपाटाच्या खालच्या काठात बांबूची काठी शिवून घ्या, नाहीतर तो नवरदेवाच्या मुंडावळ्यांत अडकलाच समजा. समया विझणारच, काचेच्या चिमण्या लावा. अक्षता वाऱ्याकडे पाठ करून टाकायला सांगा.

खुर्च्यांचे पाय वाळूत रुततात, म्हणून खाली प्लायवूड. आजी-आजोबांसाठी रस्त्यापासून मांडवापर्यंत प्लायवूडचीच वाट करा. वाटेवर काथ्याची चटई नको, ती वाळूत गोळा होते. जनरेटर वाळूवर नकोच.

ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याची परवानगी लेखी घ्या, तोंडी होकारावर विसंबू नका. रात्री दहाला स्पीकर बंद, त्यामुळे वरात आधीच उरका.